सम्राटाचा पांढरा हात

१

प्रयोगाच्या दिवशी रंगमंचावर सगळ्यांत आधी माझा पाय पडतो. कुठे खिळा वर आलाय का, कुठे पडद्याची दोरी लोंबतेय का, हे बघायचं. रंगमंच व्यवस्थापक म्हणजे दुसऱ्यांनी केलेला पसारा आवरणारी बाई, हे मी आता मान्य केलंय. त्या सकाळी मी साफसफाईचे दिवे लावले आणि "अगं बाई गं!" म्हणून अशी ओरडले की वर दिव्यांच्या दांडीवर बसलेली कबुतरं उडाली.

पुतळ्याचा उजवा हात पांढराफटक झाला होता.

हा पुतळा म्हणजे आमच्या नाटकाचा जीव. नाटक त्या सम्राटाचं. नाव सांगायची गरज नाही; शाळेत त्याच्या लढायांची सालं पाठ करताना तुम्हीही त्याच्या नावानं बोटं मोडली असतील. अर्धं जग जिंकून झाल्यावर त्याला घोर लागतो, की आपण मेल्यावर आपली आठवण कोण ठेवणार? मग तो स्वतःच्या नावाची शहरं वसवतो, नाण्यांवर तोंड छापतो, आणि शेवटी स्वतःचाच अवाढव्य पुतळा उभारतो. शेवटच्या प्रवेशात जवळचं माणूस कुणी उरलेलं नसतं. सम्राट एकटा पायऱ्या चढतो, पुतळ्याचा पुढे केलेला हात हातात घेतो आणि म्हणतो, "तू राहा. तू तरी राहा." दिवे जातात, नाटक संपतं.

आमच्या दिग्दर्शकाच्या मते कीर्ती आतून काळी असते. आम्ही माना डोलावल्या, कारण दिग्दर्शकापुढे दुसरं काय करणार? त्यामुळे जमीन काळी, पायऱ्या काळ्या, मागचा पडदा काळा आणि पुतळाही काळा कुळकुळीत. वर निळा उजेड, तोही असून नसल्यासारखा. अंधारात कुणी तोंडावर आपटू नये म्हणून मी नेहमीप्रमाणे पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या. त्या या महाशयांनी स्वतःच्या हातानं टराटरा उपटल्या. "सम्राटाच्या दरबारात चिकटपट्टी? शोभतं का?"

आणि आता बघते तर पुतळ्याचा हात मनगटापासून बोटांपर्यंत पांढरा, आणि पुतळ्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांच्या कडांवरही बोटभर पांढरी रेघ.

माझ्या ओरडण्यानं दिग्दर्शक धावत आला. बघितलं आणि डोक्याला हात लावला. "माझ्या सम्राटाला चुना लावला कुणीतरी! आजच! आजच मिळाला का मुहूर्त?"

तेवढ्यात विंगेतून युवराज बाहेर आला. हे त्याचं नाव नव्हे, आम्ही ठेवलेलं. सम्राटाची भूमिका करणारे नाना (पुतळ्याचा चेहराही त्यांचाच) कधी आजारी पडले तर उभं राहायला तयार ठेवलेला नट. तिशीचा, देखणा, आणि कायम रांगेत उभा असल्यासारखा चेहरा. दिग्दर्शकानं त्याचं मनगट धरलं आणि तळवा उलटा केला.

तळवा पांढरा होता.

२

"बघितलंत? बघितलंत सगळ्यांनी?" दिग्दर्शक गरजला. सगळे म्हणजे मी एकटीच होते. "नानांचा शेवटचा प्रवेश बिघडला की भूमिका आपल्या पदरात पडेल, हा याचा हिशेब!"

या आरोपाला कारण होतं. रंगीत तालमीत नाना शेवटच्या प्रवेशात पुतळ्याच्या शेजारून सरळ पुढे गेले होते, रिकाम्या हवेत हात धरला होता आणि ते सोन्यासारखं वाक्य मागच्या पडद्याला म्हणून दाखवलं होतं. दिग्दर्शकानं तेव्हाच सुनावलं होतं, की पुन्हा असं झालं तर भूमिका युवराज करेल. नाना म्हणजे उभं आयुष्य रंगमंचावर काढलेला माणूस, पण मान खाली घालून निघून गेला. मला फार वाईट वाटलं होतं.

"संध्याकाळपर्यंत खरा गुन्हेगार सापडला नाही तर हा बाहेर," दिग्दर्शक म्हणाला. "आणि दुसरं कुणी निघालं तर तोही बाहेर. मग तो कितीही मोठा असो!"

"आवाज खाली घ्या हो जरा. दारापर्यंत ऐकू येतोय."

दारात माझ्या वन्सं उभ्या होत्या. नवरा मला म्हणतो, अगं ताई म्हण, वन्सं काय म्हणतेस जुन्या बायकांसारखं. पण पहिल्या दिवशी तोंडात बसलं ते बसलं. आयुष्यभर पोलिसात काढलेली बाई. निवृत्त झाली, पण घरी आली की आजही आमच्या फ्रीजची झडती घेते.

"पास न्यायला आले होते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या रांगेतला दे गं. पहिल्या रांगेत नटांची थुंकी उडते."

मी घडला प्रकार सांगितला. वन्सं चष्मा लावून पुतळ्याजवळ गेल्या. ओल्या फडक्यानं हात पुसून पाहिला, पांढरं हललं नाही. मग माझ्या पर्समधली कोल्ड क्रीमची डबी मागितली, कारण माझ्या पर्समध्ये काय असतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. क्रीम लावताच पांढरं सुटून आलं.

"हा भिंतीचा रंग नाही. तोंडाचा आहे, मेकअपचा. तेलकट असतो, वाळत नाही. म्हणून या पोराच्या हाताला लागला." मग त्या खाली वाकल्या. "आणि जमिनीवर एक थेंब नाही. खाली कापड अंथरून केलंय काम. मला सांग, डोक्यात राख घालून आलेला माणूस खाली कापड अंथरतो का?"

दिग्दर्शक काहीतरी पुटपुटत तिकीट खिडकीकडे गेला. वन्संनी युवराजला पायरीवर बसवलं.

"तू इतक्या सकाळी इथे काय करत होतास रे?"

तो लाजला. "रोज येतो. कुणी यायच्या आत निळा दिवा लावतो आणि शेवटचा प्रवेश करून बघतो. भूमिका मला हवी आहे, खोटं कशाला बोलू? पण नानांच्या वाईटावर नाही हो मी. त्यांच्याकडे बघूनच चालायला शिकलो. म्हणजे, रंगमंचावर चालायला."

"पुतळ्याचा हात धरलास तेव्हा पांढरं दिसलं नाही?"

"दिसलं की. पण तंद्रीत होतो, वाटलं दिग्दर्शकांनी बदल केला असेल. उलट बरंच वाटलं. रोज मी तिथे चाचपडतो, आज पहिल्या झटक्यात हात सापडला."

वन्सं उठत होत्या, त्या परत बसल्या.

"काय म्हणालास? परत म्हण."

३

मेकअपच्या खोलीला कुलूप नसतं. आरसे, दिवे, दाढ्या, टोप, सगळं उघड्यावर. मेकअपवाल्या बाईंनी पांढऱ्या रंगाचा डबा आमच्यापुढे उलटा धरला. "काल भरलेला होता. आज खरवडून काढलाय कुणीतरी. हा मी फक्त अप्पांच्या भुवयांना आणि दाढीला लावते."

अप्पा शेजारच्याच खुर्चीत बसले होते. नाटकात ते प्रधान, आणि नाट्यगृहात नानांचे वैरी. एके काळी दोघं एका ताटात जेवायचे. मग एका जाहिरातीवर कुणाचं नाव वर छापायचं यावरून बिनसलं, ते आजतागायत. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. जे बोलायचं ते माझ्यामार्फत. "त्याला सांग, खुर्ची माझ्या बाजूला सरकवू नकोस." "त्याला सांग, खुर्ची जागेवरच आहे, पोट पुढे आलंय." मी या दोघांमधली टपालपेटी. शेवटच्या नमस्कारालाही एकानं या टोकाला उभं राहायचं, दुसऱ्यानं त्या टोकाला, असा अलिखित करार.

या नाटकात तर अप्पांनी कहरच केला होता. प्रधानाच्या हातात काठी असते. सम्राटाचा प्रवेश रंगात आला की अप्पा ती काठी जमिनीवर ठकठक आपटायचे. नानांची टाळी खातात, असं सगळी मंडळी म्हणत होती. दिग्दर्शकानं दोनदा बजावलं, तरी अप्पा ऐकेनात.

"रंगाचा डबा कोणी नेला असेल, अप्पासाहेब?" वन्संनी विचारलं.

"मी काय पहारेकरी आहे? दार सताड उघडं असतं."

"पुतळा बघितलात?"

"बघण्यासारखं काय आहे त्यात? त्या माणसाचं तोंड रोज बघतोच आहे, त्यात दगडी कशाला बघू?" अप्पा आरशाकडे वळले. "आणि उगाच गवगवा कशाला? हात पांढरा झाला, होऊ द्या. तो पडला काय नि उभा राहिला काय, मला काय त्याचं?"

वन्सं गोड हसल्या. हे हसू मला माहीत आहे. आमच्या घरात ते दिसलं की नवरा आपणहून कबुली देतो.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अप्पाच ना? सरळ दिसतंय. इतक्या वर्षांचं वैर आहे. पुतळ्याचा चेहरा नानांचा, त्याचा विचका केला."

"चेहऱ्याला तर बोटसुद्धा लावलेलं नाही," वन्सं म्हणाल्या. "आणि पडण्याची गोष्ट कोणी काढली होती गं? मी तर फक्त रंगाबद्दल विचारत होते."

४

दुपारी दिग्दर्शकानं पहिल्या दोन अंकांची झरझर तालीम घेतली. युवराजला आत यायला बंदी होती. तो बाहेर पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. वन्सं विंगेत माझ्या शेजारी स्टूल टाकून बसल्या आणि त्यांनी चक्क डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. मनात म्हटलं, झालं, आमचा तपास घोरायला लागला.

नाना दरबारात आले. काय तो आवाज! मी किती नाटकं केली असतील, पण नाना बोलायला लागले की अजून माझ्या हातातलं काम थांबतं. मध्येच अप्पांची काठी, ठक. मग ठकठक. मी दात-ओठ खाल्ले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी प्रधानाला विष दिलं जातं, तो पडतो, आणि तालीम थांबली.

वन्संनी डोळे उघडले. "सम्राट सिंहासनावर बसून एवढं लांबलचक भाषण करतो. त्यात काठी एकदाही वाजली नाही."

"नाही वाजली?"

"नाही. टाळी खायची असती तर तिथेच वाजवली असती. काठी वाजते फक्त सम्राट चालायला लागला की. आणि पायरी आली की दोनदा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दुसऱ्या अंकात प्रधान मेला. पुढे काय होतं?"

"काय होणार वन्सं? मेल्यावर अप्पा ग्रीनरूममध्ये बसून चहा पितात."

"मग तिसऱ्या अंकात काठी कोण वाजवतं?"

मी मनातल्या मनात तिसरा अंक चालवून बघितला.

कुणीच वाजवत नाही. म्हणून नाना तिसऱ्या अंकात पुतळा चुकले. म्हणूनच हल्ली अंधाऱ्या विंगेत ते माझं कोपर धरायचे आणि म्हणायचे, "म्हातारपणी सोबत बरी असते गं." मला आपलं वाटायचं, किती माया करतात! अहो, माया होतीच; पण त्यांना दिसत नव्हतं. ज्या प्रवेशात काठी नाही, तिथे कुणीतरी रंग लावला होता. मला रडूच फुटलं.

अप्पा ग्रीनरूममध्ये चहाचा कप घेऊन बसले होते, मेलेल्या प्रधानाच्या वेशात. वन्संनी दार लोटून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "अप्पासाहेब, मला सगळं कळलंय. कारण तेवढं सांगा."

अप्पांनी कप खाली ठेवला.

"दिवसा त्याला सगळं दिसतं. उजेड कमी झाला की संपलं. त्यानं कुणाला सांगितलेलं नाही, मलाही नाही. पण समोर उभं राहून काम करतो आम्ही. तो माझ्या डोळ्यांत बघायचा, तो कानाशेजारी बघायला लागला. मला कळणार नाही?"

"पण तुमचं तर..." मी म्हटलं.

"वैर आहे. आहेच!" अप्पा कडाडले. मग आवाज उतरला. "आम्ही दौऱ्यावर होतो तेव्हाची गोष्ट. भर प्रयोगात माझा आवाज बसला. बसला म्हणजे बंदच. घशातून हवा यायची फक्त. समोर भरलेलं नाट्यगृह. आणि हा नाना प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला आणि माझी वाक्यं माझ्या आवाजात म्हणायला लागला. मी नुसते ओठ हलवले. प्रवेश संपेपर्यंत! लोक म्हणाले, अप्पांचा आवाज आज काय लागला होता. आमचं भांडण झालं, नको नको ते बोललो आम्ही एकमेकांना. पण ही गोष्ट त्यानं तेव्हाही तोंडातून काढली नाही. आजवर कुणालाही नाही. काढली असती तर मी संपलो असतो. माझं सगळं नाव त्या एका रात्रीवर उभं आहे हो. त्याचे उपकार कसे फेडू? बोलत तर नाही मी त्याच्याशी."

डोळे पुसताना त्यांची एक भुवई पुसली गेली.

"मला काढायचं तर काढा. पण त्याच्या डोळ्यांचं दिग्दर्शकाला सांगू नका. ही शेवटची भूमिका आहे त्याची. आणि त्या पोरावर आळ येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याची मी माफी मागतो."

बाहेरून हाक आली. "कुठे आहेत त्या पोलीसबाई? गुन्हेगार कोण आहे ते मला आत्ता कळलं पाहिजे!"

५

वन्सं शांतपणे रंगमंचावर गेल्या. पुतळ्याच्या हातावर त्यांनी काळं फडकं टाकलं, दुसरं पायऱ्यांच्या कडांवर अंथरलं.

"गुन्हेगार सांगते. आधी शेवटच्या प्रवेशाचा उजेड लावा. तुमच्या मनासारखा. आणि तिकडून चालत या, सम्राट येतो तसे, आणि पुतळ्याचा हात धरा."

"हा काय पोरखेळ?"

"प्रवेश तुम्हीच बसवलाय ना? मग काय अवघड आहे?"

दिवे गेले. निळा उजेड आला. दिग्दर्शक ऐटीत निघाला. पहिल्याच पायरीला धप्पकन आवाज झाला आणि "आई गं!" ऐकू आलं. मग चाचपडणं. मग शांतता. मी हळूच सगळे दिवे लावले. दिग्दर्शक गुडघा धरून उभा होता आणि त्याचा दुसरा हात रिकाम्या हवेत होता. रंगीत तालमीत नानांचा होता, अगदी तिथेच.

वन्संनी फडकी काढली आणि मला पुन्हा निळा उजेड लावायला सांगितला. "आता परत या."

या वेळी तो सरळ चालत आला आणि पहिल्या झटक्यात हात धरला. पांढरा हात, निळ्या उजेडात. तिथेच उभा राहिला.

"तुम्ही उपटलेल्या पट्ट्या कुणीतरी परत लावल्या, एवढाच गुन्हा आहे," वन्सं म्हणाल्या. "नाव हवंय का?"

दिग्दर्शकानं गुडघा चोळला. तो आढ्यतेखोर आहे, पण माणूस वाईट नाही. हे त्या दिवशी कळलं. "नानांना... म्हणजे, नानांना काही..."

"मला काय माहीत? मी पास न्यायला आलेय."

त्यानं एक मोठा श्वास सोडला. "नको नाव." मग तो स्वतः बाहेर गेला आणि युवराजला म्हणाला, "माफ कर रे मला. चल आत. सकाळी काय करून बघतोस ते एकदा मलाही दाखव." परत येताना माझ्यापाशी थांबला. "आणि सगळीकडे त्या पट्ट्या लाव. हात तसाच ठेवा. खरं म्हणजे पांढऱ्या हाताची कल्पना माझ्या मनात आधीपासून होतीच."

"होती की," मी म्हटलं. अशा दिवशी कुणाला काय नाही म्हणायचं!

संध्याकाळी मी नानांच्या खोलीत गेले. ते टोप लावून बसले होते.

"तुझी नणंद हुशार आहे," ते म्हणाले. "अंधारात दिसत नाही मला, पण ऐकू येतं सगळं." मग त्यांनी टोप नीट केला. "त्याला सांग, दुसऱ्या अंकात पायऱ्या उतरताना काठी थोडी उशिरा वाजते."

म्हणजे यांना पहिल्यापासून माहीत होतं! मी धावत अप्पांकडे गेले आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. अप्पांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले. मेकअपवाल्या बाईंना त्यांच्या भुवया तिसऱ्यांदा रंगवाव्या लागल्या.

"त्याला सांग," ते शेवटी म्हणाले, "काठी वेळेवरच वाजते. तोच पाय लवकर टाकतो."

प्रयोग झाला. तिसऱ्या अंकात प्रधान मेलेला होता, पण त्या दिवशी तो चहा प्यायला गेला नाही. विंगेत माझ्या शेजारी काठी घेऊन उभा राहिला. निळा उजेड आला. काळोखातून ठक, ठक. लोकांना वाटलं, मेलेला प्रधान सम्राटाला बोलावतोय. नाना पायऱ्या चढले, एकही न चुकता. पांढरा हात समोर होता. त्यांनी तो धरला. पण वाक्य म्हणताना त्यांनी पुतळ्याकडे बघितलं नाही. काठीच्या आवाजाकडे तोंड केलं.

"तू राहा," नाना म्हणाले. "तू तरी राहा."

अप्पांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की पुढे कितीतरी दिवस दुखत होता.

टाळ्या थांबेनात. सगळे नमस्काराला उभे राहिले, नाना एका टोकाला, अप्पा दुसऱ्या. समोरच्या दिव्यांच्या झगमगाटात नानांना काय दिसत असणार? त्यांनी हात पुढे केला, शेजारी, जिथे कुणीच नव्हतं. हात तसाच राहिला. अप्पा रांग सोडून निघाले. सेनापतीच्या पुढून, राणीच्या पुढून, काठी ठोकत, ठक, ठक, आणि नानांच्या त्या बाजूला जाऊन त्यांनी आपला हात त्या हातात दिला.

पडदा पाडायची खूण मी द्यायची असते. दुसऱ्या रांगेत वन्सं उभ्या राहून डोळे पुसत होत्या, आणि खूण द्यायची सोडून मी त्यांना दोन्ही हात जोडत होते.